कूलरमागचा डबा

बाळापूरच्या आसपास अशी विहीर नव्हती, जिच्या मोटरीला अब्दुल गफ्फारचा हात लागला नव्हता. जळलेली मोटर आणायची, नवी वायंडिंग करून न्यायची, आणि गफ्फारभाई ‘चालते’ म्हणाले की ती चालायचीच. मग बोंडअळीचं साल आलं, त्यात विहिरीही आटल्या. ज्या मोटरी चालतच नाहीत, त्या जळणार तरी कशा? दुकान ओस पडलं. पंचावन्नाव्या वर्षी गफ्फारभाई रोज एसटीनं अकोल्याला जाऊन कूलर दुरुस्त करू लागले, घरोघरी वायफाय बसवू लागले. तारेचं काम हातातलं होतं, बिनतारी कारभार नवा होता. पण हे चारचौघांत कबूल करतील तर ते गफ्फारभाई कसले!

जठारपेठेत गोदावरीबाई एकट्या राहत. निवृत्त मास्तरीण. लेक स्वराली आयर्लंडात, पोटुशी, पहिलटकरीण. रोज दुपारी दोनला इंटरनेटवरून तिचा फोन यायचा आणि बाईंचा अख्खा दिवस त्या पंधरा मिनिटांची वाट पाहण्यात जायचा. फाल्गुनात गफ्फारभाईंनी वायफाय बसवलं तेव्हा आवाज कसा लख्ख येई. चैत्रात त्यांनीच गच्चीवरचा पत्र्याचा कूलर खाली आणून खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून उभा केला. तेवढ्यात त्यांचा हात वायफायच्या डब्याला लागला. डबा गरम! झालं, अंगातला मोटरवाला जागा झाला. थंड राहते ती मोटर टिकते, हे तीस वर्षांचं ज्ञान. त्यांनी डबा उंच फळीवरून काढला आणि कूलरच्या पाठीमागे, खिडकीखालच्या कोनाड्यात, सावलीत ठेवला. आता पाच वर्षं पाहायचं काम नाही, असं वर सांगून गेले.

दुसऱ्याच दिवसापासून स्वरालीचा आवाज तुटायला लागला. अर्धे शब्द यायचे, अर्धे जायचे. गफ्फारभाई तीनदा आले. तार बदलली, डबा बंद करून चालू केला, आपला मोबाइल कोनाड्याजवळ धरून पाहिला. रेंज पूर्ण. बाई बसायच्या कूलरपुढच्या खाटेवर, कारण अकोल्यात वैशाखातल्या दुपारी माणूस दुसरीकडे बसतच नाही. त्या खाटेवर बसून पाहावं, हे काही भल्या माणसाला सुचलं नाही. छातीठोक सांगून मोकळे झाले, “इकडं समदं बराबर हाय, बाई. लेकीच्याच तिकडं रेंज कमजोर हाय.”

बाईंनी तेच लेकीला ऐकवलं. तिनं बिचारीनं तिकडचं कनेक्शन बदललं, घरातली जागा बदलली. फरक शून्य. मी सगळं करून पाहिलं, असं ती म्हणायची. बाई म्हणायच्या, गफ्फारभाऊ खोटं बोलायचे नाहीत, तुलाच आईशी बोलायचा कंटाळा आलाय. रोजचा फोन आठवड्यावर गेला. आठवा महिना लागल्याचं बाईंना कॅलेंडर पाहून कळलं.

ज्येष्ठात कूलरचा पंप बंद पडला. गफ्फारभाईंनी टाकी उपसली, कूलर ओढत बाल्कनीत नेला आणि पंप खोलायला घेतला. दोनला फोन वाजला. बाईंनी स्पीकर लावला, तर लेक जणू शेजारच्या खोलीतून बोलत होती.

“केलंस ना शेवटी नीट?” बाई म्हणाल्या. “मग दोन महिने माझा जीव काहून खाल्ला?”

“आई, मी काहीच केलं नाही. त्याच खुर्चीत बसलेय,” स्वराली म्हणाली, आणि रडायलाच लागली.

गफ्फारभाईंनी मान वळवून खोलीत पाहिलं. कोपरा मोकळा होता. कोनाड्यातला डबा बाल्कनीतून सरळ दिसत होता. डबा आणि खाट यांच्यामधे रेंज अडवणारा एवढा मोठा पत्रा होता, शिवाय टाकीभर पाणी, तेच आज नव्हतं. पोरीच्या आवाजाच्या वाटेत आपणच टाकी उभी केली, आणि वरून तिलाच खोटं पाडलं. कान तापले, कपाळावरचा घामही पुसवेना. डबा गुपचूप फळीवर ठेवला तर कोणाला कळणार होतं? ते उठले, कोनाड्याशी गेले, डब्याला हातही लावला. आणि या विचाराचीच त्यांना जास्त लाज वाटली.

तेवढ्यात बाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. “तुम्हीच सांगा हिला, गफ्फारभाऊ. अजून मान्य करत नाही.”

हात ग्रीसनं माखलेले होते. त्यांनी ते पायजम्याला पुसले आणि फोन घेतला.

“बेटा, मी गफ्फार, बाळापूरवाला. तुह्या तिकडं काईच खराबी नव्हती. इकडचा वायफायचा डबा मीच कूलरमांगं ठेवला होता. तू खरं सांगून राहिली होती. तुह्या आईले मी चुकीचं सांगितलं.”

पलीकडे तिनं नाक ओढलं, तेही स्पष्ट ऐकू आलं.

“काका, हे आईनं ऐकलं का?”

गफ्फारभाईंची वर पाहायची हिंमत झाली नाही. बाई खाटेवर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

“ऐकलं गं,” त्या म्हणाल्या.

गफ्फारभाईंनी फोन हळूच खाटेवर ठेवला आणि बाल्कनीत जाऊन पंपापुढे बसले. पंप घटकाभरात सुरू झाला. तरी मायलेकींचं बोलणं संपेपर्यंत ते उन्हातच बसून राहिले.