‘सॅड’ला मराठी शब्द

ताई चहा पार गार झाल्यावर प्यायच्या. पंखा लावण्याआधी सगळ्या कागदांवर काहीतरी वजन ठेवायच्या. फोन ठेवताना समोरच्याला आधी ठेवू द्यायच्या. एखादा शब्द खोडायचा असला, की तो आधी मोठ्यानं म्हणायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, “निरोप नको द्यायला?”

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत आमची टेबलं समोरासमोर होती. मी साहित्याची पदवी घेऊन नुकतीच लागलेली, त्या निवृत्तीला आलेल्या.

त्या ‘सॅड’पाशी अडल्या.

“याचा मूळ अर्थ माहितेय? पोट भरलेला. तृप्त. मग झाला जड, मग गंभीर. आणि मग दुःखी.”

“तृप्तीचं दुःख कसं झालं?”

“तेच तर! मला असा एकच मराठी शब्द हवाय, ज्यात दोन्ही मावेल.”

संपादक दारातूनच म्हणाले, “बाई, ‘दुःखी’ लिहा आणि मोकळ्या व्हा. सोमवारी पान छापायला जायचंय.”

“मोकळं व्हायचं असतं तर कोशात कशाला आले असते?”

शुक्रवारी जेवताना त्या थोरल्या बहिणीबद्दल बोलत होत्या. बहीण आता माणसं विसरते. “काल मात्र तिनं मला ओळखलं गं. दोघी पोटभर जेवलो, पोटभर हसलो. निघताना डोळे भरून...”

त्या थांबल्या. घास हातातच.

“पोट भरतं. मन भरतं. ऊर भरून येतो, डोळे भरून येतात. आपल्याकडे सगळं भरतंच की!”

“मग ‘भरलेला’ लिहा.”

“लोकांना बादली आठवेल.” त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. “जवळ आलंय पण. सोमवारपर्यंत सापडेल.”

रविवारी दुपारी त्या झोपल्या, त्या उठल्याच नाहीत.

सोमवारी संपादक ताईंच्या टेबलापाशी आले. नोंदीचा कागद त्यांनी माझ्यापुढे धरला.

“तू लिहितेस?”

मला शब्द सुचला नाही. ‘दुःखी’ तेवढा सुचला. तो लिहवेना.

“राहू दे आज,” ते म्हणाले. पान गेलं नाही.

कागदावर ताईंचं अक्षर आहे. सॅड, विशेषण. एक : (जुना अर्थ) पोट भरलेला, तृप्त. दोन : जड, गंभीर. तीन : भरून

पुढे काही नाही.