रुमालाखालचा हात

सगुणाआत्याला बँक आवडायची नाही. "तिथं पैसा नुसता झोपतो," म्हणायची. देवळ्याची ही बाई. नवऱ्यामागे कांद्याचा व्यापार एकटीने सांभाळला आणि मुलांच्या हाती सोपवून पंचवटीत आमच्या शेजारी राहायला आली. पहिल्याच आठवड्यात भाजीबाजारातल्या निम्म्या लोकांशी तिची भांडणं झाली. मला ती तेव्हापासूनच आवडली.

१९९६ सालची गोष्ट. मला कांदा वाळवून पूड करायचा कारखाना काढायचा होता. बँकेने तारण मागितलं, सासऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हा नव्या धंद्याला भांडवल मिळायचं ते नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात. रविवारी सकाळी व्यापारी जमत, नवा माणूस आपला बेत सांगे, आणि कोण किती घालणार ते बैलबाजारासारखं रुमालाखाली ठरे. मधला माणूस खंडेराव. तो रुमालाखाली एकेकाचा हात धरी, दाबलेल्या बोटांवरून त्याला आकडा कळे, दुसऱ्या कोणाला पत्ता लागत नसे. पद्धत चोख होती. फक्त परक्या बाईचा हात कोण धरणार? म्हणून भांडवल घालायला त्या गाळ्यात बाई कधी बसलीच नाही.

मी बेत सांगितला. खंडेरावांनी सगळ्यांचे हात धरून पाहिले आणि म्हणाले, "ताई, मिस्टरांना घेऊन या. मग बघू."

घरी येऊन मी रडले, दुःखाने कमी आणि संतापाने जास्त. आत्याने सगळं ऐकून घेतलं. "पुढच्या रविवारी मी येते," एवढंच म्हणाली.

आली ती रामाच्या देवळापाशी मिळतो तो लाल धागा घेऊन. पौष महिना, राखीचा काडीचा संबंध नाही. सरळ खंडेरावांपुढे उभी राहिली. "भाऊ, हात करा पुढं." त्यांनी गोंधळून केला. तिने धागा बांधला, तोंडात पेढा कोंबला. "आता मी तुमची बहीण. बहिणीचा हात धरायला लाज नाय ना वाटत? मग काढा तो रुमाल. या पोरीच्या कारखान्यात मला पैसा घालायचाय."

पेढा चघळत खंडेराव लालबुंद झाले, पण रुमाल टाकला. आत तिने किती बोटं दाबली, मला आजही ठाऊक नाही. हात सोडून ते मला म्हणाले, "मोहिनीताई, लागा कामाला. आता दुसरं कोणी नको."

पुढे खंडेराव दर राखीला साडी घेऊन तिच्या दारात हजर असत, आणि ती दर वेळी साडीच्या रंगाला नावं ठेवी. कारखान्यात येऊन वाळत्या कांद्याशेजारी खुर्ची टाकून बसायची. काय दिवस होते ते! त्या वासाने आजही डोळे भरून येतात, आणि कांद्याला दोष देऊन भागत नाही.

आत्या २००४ साली गेली. गाळ्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं.

चार वर्षांनी गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात गुंतवणूकदारांची बैठक होती. आता मीही भांडवल देते. रुमाल गेला, आकडे पडद्यावर आले, पण टेबलाभोवती बाई मी एकटीच. वेदिका नावाची मुलगी द्राक्षांच्या शीतगृहाचा बेत सांगत होती. तिला मी प्रथमच पाहत होते. तिचं बोलणं संपल्यावर शेजारच्या गृहस्थांनी गोड आवाजात विचारलं, "घरचं कोणी आलंय का सोबत?"

पोरीचा चेहरा पडला.

"आलंय की," मी म्हणाले. "मी तिची आत्या." आणि सगळ्यांदेखत टेबलावरून तिच्यापुढे हात केला.