चारशे सतराचं मत

पंच्याऐंशी साली डिलाईल रोडचा लवू परब महापालिकेच्या निवडणुकीला अपक्ष म्हणून उभा राहिला, तेव्हा त्याची बायको सखुबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिचंही काही चुकलं नव्हतं. संपात गिरणी गेलेली, लवू दादरच्या भाजी मंडईत हमालीला जाणारा, आणि या माणसाला म्हणे नगरसेवक व्हायचंय!

पण त्याला उभं केलं होतं चाळींनीच. सत्तेतल्यांनी संप कुजवला होता. विरोधातले मोर्चात पुढे होते, पण गिरण्यांचे भोंगे बंद पडल्यावर तेही दिसेनासे झाले. मासे विकणारी जाईबाई तर भर बाजारात म्हणाली, "दोघांनाही बघून झालं. या मेल्याचं तोंड निदान रोज दिसतं."

निशाणी मिळाली शिडी. लवूने एका रंगाऱ्याकडून खरीखुरी शिडी मागून आणली. भाषण त्याला जमायचं नाही. मग त्याचा प्रचार म्हणजे काय, तर शिडी खांद्यावर टाकून चाळीचाळीतून फिरायचं, जिन्यातले गेलेले दिवे बदलायचे आणि वरून विचारायचं, "उजेड पडला का बघा!" लोक हसायचे, पण चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत.

एका खोलीपुढून मात्र तो मान खाली घालून जायचा. तिथला दिवाही गेलेला होता. खोली महादेवची. एकोणीस वर्षं गिरणीत दोघांचे साचे, म्हणजे माग, शेजारी-शेजारी होते, डबा एक होता. संपाच्या दहाव्या महिन्यात महादेवची धाकटी आजारी पडली आणि तो संप मोडून गिरणीच्या गेटातून आत गेला. लवू बाहेर पहाऱ्यावर होता. "आजपासून तू माका मेलंस," तो सगळ्यांदेखत ओरडला. त्यानंतर दोघांत शब्द नव्हता.

आपण पडणार हे लवू ओळखून होता. महादेवने मत कुणाला दिलं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. आणि ते कळणार कसं?

मतमोजणीला तो टेबलाशी बसला. त्याच्या मतपत्रिका बाजूला पडू लागल्या तसा तो भडकला. "साहेब, शिक्का शिडीवरच आहे की!"

"शिक्का बरोबर आहे हो," अधिकारी समजुतीने म्हणाला, "पण शेजारी आकडा लिहिलाय. मतदार ओळखू येईल अशी खूण केली की मत बाद."

लवूने वाकून आकडा पाहिला. गिरणीत मागावरून कापडाचा तागा उतरवला की विणकर त्याच्या टोकाला आपला नंबर घालायचा, मगच तो त्याच्या नावावर लागायचा. खुळ्यांनी मतपत्रिकेलाही तेच केलं होतं! दोनशे आठ, तीनशे बारा, पाचशे एक. गिरणीने नंबरचे बिल्ले काढून घेतले, पण हाताची सवय कोण काढून घेणार? अशी एकतीस मतं बाद झाली. प्रत्येक आकड्याचा चेहरा लवूला दिसत होता.

शेवटून तिसरा आकडा चारशे सतरा होता. महादेवचा.

डिपॉझिट गेलं. भरल्या हॉलमध्ये लवू ढसाढसा रडला. अधिकाऱ्याला वाटलं, हरल्याचं दुःख. त्याने बिचाऱ्याने पाणी मागवलं.

संध्याकाळी शिडी रंगाऱ्याला परत करायची होती. लवू ती घेऊन आधी महादेवच्या दारात गेला, भिंतीला लावली आणि चढला. आवाजाने महादेव बाहेर आला.

"तुझा मत बाद झाला," लवू वरूनच म्हणाला.

"कित्याक?"

"नंबर घातलंस."

"मगे? नंबर नसलो तर तागो कोणाचो, ता कसा कळतला?"

लवूने जुना दिवा काढला, खिशातला नवा बसवला. उतरायला एक पाय खाली टाकला.

"शिडी धर रे," तो म्हणाला.

महादेवने दोन्ही हातांनी धरली.