चाळीस पोस्टरे

पेडणे तालुक्यात कोण काय वाचतो, कुठे उभा राहून वाचतो आणि वाचून झाल्यावर कुठे बघतो, हे साऱ्या जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस माझ्या बायकोचा मामा आहे. साऱ्या जगात म्हटले ते जरा जास्त झाले. मी डिचोलीला खाणीच्या वजनकाट्यावर एकवीस वर्षे काम करतो. ट्रक रिकामा किती आणि भरलेला किती हे लिहिल्याशिवाय मला पुढचा ट्रक घेता येत नाही. तेव्हा जग वजा करतो आणि पेडणे व डिचोली एवढे दोन तालुके ठेवतो. तेवढ्यापुरते हे विधान मी जबाबदारीने करतो.

मामा जाहिरातींची पोस्टरे करतात. पेडण्याच्या बाजारात एका जिन्याखाली त्यांची खोली आहे. तिच्यात एक टेबल, एक काँप्युटर आणि दोन स्टुले मावतात. तिसरा माणूस आला तर त्याने जिन्यावर बसायचे. काँप्युटर ते अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, पण अक्षर अजून ब्रशनेच काढतात, त्याचा फोटो घेतात आणि तो आत घालतात. काँप्युटरच्या तयार अक्षराला समोरचा माणूस दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. गिऱ्हाईक येते आणि सांगते, नाव मोठे काढा, खाली फोन नंबर घाला. मामा ब्रश कानावर ठेवून विचारतात, "हें वाचतलो कोण?" गिऱ्हाईक म्हणते, सगळेच वाचतील. त्यावर मामा फार शांतपणे म्हणतात, "हे सगळे रावतात खंय? त्यांचें घर माका दाखय." इथे निम्मी गिऱ्हाइके उठून जातात. निम्मी म्हणजे अंदाज आहे, मी मोजलेली नाहीत.

जी उरतात त्यांना आठवडाभर थांबावे लागते, कारण मामा वाचणाऱ्याला शोधायला निघतात. एकदा एका पदेराला, म्हणजे पाववाल्याला, जाहिरात हवी होती. नेहमीच्या उंडे पावांबरोबर तो आता गव्हाची पोयीही भाजू लागला होता. मामा चार दिवस सकाळी त्याच्या सायकलमागून वाड्यावाड्यांतून हिंडले. पाव घ्यायला आलेली बाई भिंतीकडे बघत नाही, रस्त्याकडे बघत नाही, ती सायकलवरच्या पाटल्यात, म्हणजे टोपलीत, वाकून पाव मऊ आहे का ते बघते, एवढे त्यांनी पाहून ठेवले. मग त्यांनी वीतभर पोस्टर केले आणि पाटल्यावर झाकलेल्या निळ्या प्लास्टिकला आतून चिकटवले. पदेराने प्लास्टिक उचलले की ते बाईच्या नाकासमोर उघडे. पदेर आधी चिडला होता, एवढेसे पोस्टर दिसणार कोणाला म्हणून. मामा म्हणाले, "जी पाव घेता तिका. दुसऱ्यांक दाखवन तू करतलंस कितें?"

माझ्या लग्नानंतर मामा मला भेटायला म्हणून काट्यावर आले आणि सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत बाकावर बसून राहिले. माझ्याशी मोजून सहा वाक्ये बोलले. मला वाटले, जावई पसंत पडलेला नाही. निघताना म्हणाले, "जावयबापू, तुमचे ड्रायव्हर वजनाचो आकडो बगतात आणि मागीर आभाळ बगतात." त्यांना एका टायरवाल्याचे काम होते. पोस्टर त्यांनी लावले ते काट्यापलीकडच्या जांभळीवर, खूप वर. मी अंकांवर विश्वास ठेवणारा माणूस. पुढच्या आठवड्यात पन्नास ट्रक नीट पाहिले. पन्नासांतले एकतीस ड्रायव्हर आकडा बघून खरोखर आभाळाकडे बघत होते. मी त्याच खिडकीत इतकी वर्षे बसलो होतो आणि मला हे दिसले नव्हते.

चोपड्याच्या जाळ्याच्या सुतावाल्याची गोष्ट तर बाजारात अजून सांगतात. त्याने आगाऊ सांगितले होते की पोस्टर नदीकाठी हवे, कारण घेणारे सगळे मासेमारीवाले. ठरल्या दिवशी तो स्कूटरवरून बघायला गेला, तर त्याला बांबूंना बांधलेली एक कोरी पाठ दिसली. त्याने फोनवर मामांना बरेच ऐकवले. मामा पुढच्या बसने गेले, एक होडी बोलावली, सुतावाल्याला हात धरून आत बसवले आणि भर दुपारी शापोरा नदीच्या मध्यावर नेले. तिथून पोस्टर दिसत होते. पाण्यावर ऊन हलत होते, त्यात निळे जाळे आणि त्याखाली तीन शब्द हलत होते, आणि काठावरचे माड, देवळे, माणसे सगळे त्या पोस्टरच्या मागे चित्रासारखे गप्प होते. सुतावाल्याने डोळ्यांवर हात धरून ते तिन्ही शब्द वाचले. मग म्हणाला, "पण माझ्या बायलेक हें दिसचें ना." मामा म्हणाले, "ती जाळें घेवन पागूंक येता?" होडीवाला एवढा हसला की होडी कलली.

मामा असे काम करतात तेव्हा ते आपल्यात नसतात. डोक्यावर ओझे घेतलेली बाई काय वाचू शकते हे कळावे म्हणून त्यांना डोक्यावर नारळांची पाटी घेऊन पेडण्याच्या चढावर चालताना मी पाहिले आहे. ओझेवाला वर बघू शकत नाही, खाली बघू शकत नाही, फक्त समोर बघतो, म्हणून पोस्टर चढाच्या शेवटी, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. जेवताना त्यांचा हात ताटात थांबतो आणि ते कुठल्या तरी भिंतीपाशी, कुणाच्या तरी डोळ्यांत जाऊन उभे असतात. मामी आमटी वाढते, ती थंड होते, ती बदलून पुन्हा वाढते. "ह्यांका सगळ्या पेडण्याची नजर कळता," मामी मला एकदा म्हणाली, "घरातली सोडून." मामा ते ऐकत नव्हते, किंवा ऐकत होते. ते ठरवणे माझ्या काट्याचे काम नाही.

आता गेल्या वर्षीचे सांगतो. मामांचे घर कोरगावला, आणि तिथल्या त्यांच्या वाड्यावर दरवर्षी जत्रेच्या दुसऱ्या संध्याकाळी वाड्यातलीच माणसे नाटक करतात. पोस्टर मामांचे. माझे काम खुर्च्या मोजायचे, कारण दुसरे कोणी खरे मोजत नाही. दोनशे खुर्च्या मांडतात. त्याच्या आदल्या वर्षी एकाहत्तर भरल्या, त्यांतल्या चारांवर पिशव्या होत्या. कोरगावची तरुण माणसे वास्कोला गेली, बंदरावर, रेल्वेत, आणि जत्रेला यायची हळूहळू थांबली. मामांचा मुलगा बाबूही बंदरावर आहे. तो तीन वर्षांत जत्रेला आला नव्हता. तो वाईट नाही. कामाच्या पाळ्या असतात, आणि फोन करायचा राहून जातो.

जत्रेच्या मंडळाच्या अध्यक्षांनी बैठकीत स्पष्ट सांगितले, "पेंटर, औंदा दीडशे खुर्ची भरूंक जाय. ना जाल्यार फुडल्या वर्सासून नाटक बंद, ऑर्केस्ट्रा." मामांनी एवढेच विचारले, "नाटकाचो पडदो मागीर खंय ठेवतले?" अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. मामा लहानपणी त्या पडद्यामागे झोपलेले आहेत.

मग ते महिनाभर कुणाला सापडले नाहीत. त्यांनी तीन प्रकारची पोस्टरे केली. चोपड्यासाठी नदीकडे तोंड केलेली. कोरगावसाठी, काजूचे दिवस होते म्हणून, बी विकायला माणसे रांगेत उभी राहतात तिथे, पुढच्याच्या खांद्यावरून दिसतील अशी. आणि वास्कोसाठी एक वेगळेच. त्यात राजा नव्हता, तलवार नव्हती. फक्त संध्याकाळच्या उजेडात रिकाम्या खुर्च्यांची रांग आणि मागे आमच्या देवळाची दीपमाळ. मी विचारले, नाटकाचे चित्र कुठे आहे? मामा म्हणाले, "तो दिसभर लोखंड बगता. ताका बसूंक जागा दाखोवया."

एकूण चाळीस पोस्टरे झाली; मी वहीत लिहिली. वास्कोची दहा लावायला मी मामांबरोबर गेलो. बसस्थानकावर, बंदराच्या फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर, पाळी सुटते त्या रस्त्यावर. परतीच्या बसमध्ये मी सवयीप्रमाणे उरलेला नमुना तपासला. नाव होते, वाडा होता, वेळ होती. तारीख नव्हती. मी बाकीच्या दोन प्रकारांचे नमुने पिशवीतून काढले. त्यांवरही नव्हती.

"मामा, तारीख कुठे?"

"पुनवेच्या दुसऱ्या दिसा," मामा म्हणाले. "ती सगळ्यांक खबर आसा." आणि मग त्यांनी नमुना माझ्या हातातून घेतला. त्यांच्या वाड्यात जन्मलेल्या कुणालाही नाटकाची तारीख लिहावी असे सुचले नसते. ती तिथीबरोबर येते. पण वास्कोतल्या माणसाच्या भिंतीवर पाळ्यांचे वेळापत्रक असते, पौर्णिमा नसते. माणूस उभा आहे की बसलेला, त्याच्या डोक्यावर ओझे आहे की नाही, हे सगळे पाहिलेल्या माणसाने त्याला कधी यायचे तेच सांगितले नव्हते. मी म्हटले, मी उद्या रजा टाकतो आणि पेन घेऊन चाळीस ठिकाणी जातो. मामा खिडकीबाहेर बघत राहिले. खाडी गेली, शेते गेली. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

घरी पोचलो तेव्हा मामी दारातच होती. "बाबूचो फोन आयिल्लो," ती म्हणाली. "विचारी, आये, नाटक कितल्या तारखेर गो? मी म्हणलें, इतलें सुद्दां विसरलंस? पुनवेच्या दुसऱ्या दिसा. मागीर कितलोसो वेळ बोलत रावलो. जेवलंस काय विचारूंक लागलो." मामी हे सांगत होती आणि पदराने हात पुसत होती. हात कोरडे होते.

मी रजा टाकली नाही. पुढचे आठ दिवस वाड्यातल्या घराघरांत फोन वाजत होते. वास्कोहून मुलगे तारीख विचारत, आया तारीख सांगत, आणि तारखेबरोबर फणस लागलाय, म्हशीला रेडकू झालंय, तुझ्या खोलीत आता भात ठेवतो पण काढून घेऊ, हेही सांगत. नाटकाच्या संध्याकाळी पडदा वर जायच्या आधी मी मोजले. एकशे त्रेसष्ट. पिशव्या धरलेल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत मामांचा मुलगा मामीशेजारी बसला होता. मी नेहमी दोनदा मोजतो. त्या दिवशी दुसऱ्यांदा मोजले नाही.

नंतर मी मामांना विचारले, ही चूक होती की मुद्दाम? त्यांनी ब्रश कानावर ठेवला. "तारीख वाचली की मनीस म्हणता, बरें, कळलें. ना जाल्यार ताका कोणाक तरी विचारचें पडता." बसमधला त्यांचा चेहरा मी पाहिलेला होता, म्हणून मी हे उत्तर वहीत उतरवले नाही.

यंदा मंडळाने ठराव केला: प्रत्येक पोस्टरवर तारीख असलीच पाहिजे. मामांनी मान हलवली. चाळीस पोस्टरे झाली, तपासणी माझ्याकडे. चाळीसही पोस्टरांवर तारीख ठळक आहे, मी सही केली. परवा वास्कोला गेलो. नऊ लावून झाल्यावर आम्ही फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यापाशी आलो, दहावेही लावले. मग मामांनी पिशवीच्या तळातून एक गुंडाळी काढली. हाताने रंगवलेले, एकच. त्यात एक खुर्ची होती, रिकामी, आणि दीपमाळ. तारीख नव्हती. पाळी सुटल्यावर चहा घ्यायला माणूस जिथे टेकतो, त्या खांबाला त्यांनी ते बांधले, दोन पावले मागे आले, थोडे वाकले, बंदरावरच्या आपल्या मुलाच्या उंचीचे झाले आणि बघत राहिले. ते वाचणार कोण, हे मी विचारले नाही.

माझ्या वहीत पोस्टरे चाळीसच आहेत.