ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट

चहा घ्या आधी. कारण आता जो गाढवपणा सांगणार आहे ना, तो ऐकून तुम्ही हसणार, आणि ठसका लागला तर दोष मला नको!

शिरूरला माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट. शाळा सातवीपर्यंत, कॉम्प्युटर मी माझी मीच शिकले, साठी उलटल्यावर! मराठी टाइपरायटरवर बोटं बसलेल्यांना कॉम्प्युटरवर तसंच लिहिता यावं म्हणून आम्ही तिघांनी एक प्रोग्रॅम केला. फुकट. आतला कोडसुद्धा उघडा, ज्याला हवा त्यानं घ्यावा, सुधारावा. बटणांचा भाग माझा. जोडाक्षरांचा भाग दौंडच्या गायकवाडांचा; रेल्वेत नोकरीला, बोलणं हळू. आणि चुका शोधायला सणसवाडीच्या कारखान्यातली सुनीता, तोंडानं फटकळ.

एका रविवारी गायकवाड आले ते बसायच्या आधीच म्हणाले, "जयभीम बाई. आपलं पुढचं ठरवू या."

"पुढचं म्हंजी?"

"उद्या आपल्यातलं कुणी नसलं, तर प्रोग्रॅम कोण बघणार? नवीन कॉम्प्युटर आले की जोडाक्षरं तुटणार. तवा कुठं हात घालायचा, ते दोघांना तरी ठावं पायजे. माझा भाग तुम्ही शिकून घ्या."

कुणी नसलं! तिघांत म्हातारी कोण? मी! माझं डोकंच फिरलं.

"माझ्या मरणाची वाट बघताय व्हय, गायकवाड?"

"बाई, तसं न्हाई हो..."

"तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघते. अजून वीस वर्षं हलत न्हाई मी हितनं!"

"वीस वर्षं?" सुनीता म्हणाली. "म्हंजी आमची सुटका न्हाईच!"

एवढ्यावर गप्प बसेन ती मी कसली? दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडं. "फिट असल्याचं सर्टिफिकेट द्या."

"नोकरीला लागताय का आजी?"

"न्हाई. एकाला गप करायचंय."

ब्लडप्रेशर, साखर, छाती, सगळं तपासून त्यांनी लिहून दिलं: प्रकृती ठणठणीत.

पुढची बैठक दौंडला, गायकवाडांच्या घरी. कॉम्प्युटर चालू करून ठेवलेला, समोर माझ्यासाठी खुर्ची, खुर्चीवर उशी. मी खुर्चीकडं बघितलंसुद्धा नाही. सर्टिफिकेट कीबोर्डवर आपटलं. "वाचा मोठ्यानं!"

त्यांनी वाचलं. खोकला येईपर्यंत हसले. "लई भारी, बाई. मला न्हाई देणार असं कुणी."

"बिड्या सोडा, मिळंल!"

गायकवाडांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. मला कुठं माहीत? त्या माणसाला मी कामाशिवाय कधी काही विचारलंच नव्हतं.

उन्हाळा सरायच्या आत गायकवाड गेले. दुखवट्याला मी घरी गेले तर त्यांची बायको शोभा म्हणाली, "डॉक्टरनं सांगितल्यापासनं त्यांना एकच घाई. बाईंना शिकवलं की मी मोकळा, म्हणायचे. ती खुर्ची शेजारनं मागून आणली होती, बाई."

माणूस स्वतःच्या मरणाची तजवीज करत होता, आणि मी ते मरण स्वतःकडं ओढून घेऊन भांडत बसले होते!

त्याच महिन्यात इन्स्टिट्यूटमध्ये नवीन कॉम्प्युटर आला होता. म्हटलं, पहिलं काम गायकवाडांचं. टाइप करायला बसले: भावपूर्ण श्रद्धांजली. 'र्ण' फुटला. 'श्र' फुटला. 'द्धा'चे तर तुकडे तुकडे! ते म्हणाले होते अगदी तस्सं.

"बाई, करा की दुरुस्त," सुनीता म्हणाली.

"कुठं हात घालू?"

तिनं उठून फळा पुसला. शेवटी टायपिंगच्या मालकिणीनं, म्हणजे मी, गायकवाडांचं नाव फळ्यावर खडूनं लिहिलं.

तेव्हापासून रोज सकाळी चष्मा लावून त्यांच्या कोडमध्ये डोकं घालून बसते. उघडाच आहे तो, सगळ्यांना; मला मात्र अजून कळत नाही. सुनीता फोन करून विचारते, "काय कळलं का, बाई?"

मी म्हणते, "प्रकृती ठणठणीत हाय."