फागूचं कोरियाचं घड्याळ

साखरशेतच्या फागूला घड्याळांचा नाद, आणि तोही भलताच. सेलवर चालणारी त्याला चालत नसत. चावीचीच हवीत, आणि तीही अशा देशांची, जिथून माणूस बाहेर पडत नाही आणि जिथे कोणी जातही नाही. ठाण्यात वॉचमन असताना भंगारवाल्याकडे एक जुनं रशियन घड्याळ हाती लागलं, तिथून हे खूळ शिरलं. मग पूर्व जर्मनीचं मिळालं, म्हणजे जो देशच आता नकाशावर नाही त्याचं. त्याची बायको हिरी म्हणायची, "मोखाड्याला जाया जीप मिळं नाय, नि याला कोरिया पायजे."

पण कोरिया मिळालं. खास उत्तर कोरियाचं, पिवळसर तबकडीचं, आकड्यांखाली तिकडची अक्षरं. त्यासाठी फोनवरच्या घड्याळवेड्यांच्या ग्रुपात त्याने वर्षानुवर्षं लोकांची हांजी हांजी केली होती. नाचणीच्या शेतातून आला की आधी हात धुवायचा, मगच घड्याळांचा डबा उघडायचा.

आणि भाच्याचं लग्न निघालं. पाड्यातली रीत अशी, की नवरदेवाच्या अंगावर लग्नापुरती मामाची एखादी वस्तू हवीच. भाचा तुषार आला आणि त्याने नेमकं कोरियावर बोट ठेवलं. फागूने रशियन पुढे केलं, जर्मन पुढे केलं.

"मामा, ह्या पिवळाच पायजे."

लग्नाकार्यात नाही म्हणणं म्हणजे बहिणीशी जन्माचं वाकडं. दिलं बिचाऱ्याने, पण दात खात दिलं. आणि त्या रागात रोज चावी द्यावी लागते एवढं सांगायचं राहून गेलं.

ऐन लग्नात घड्याळ बंद पडलं. तुषारला घाम फुटला. मागून आणलेलं भांडंसुद्धा रिकामं परत करायचं नाही, अशा घरात वाढलेला तो. बिघडलेली वस्तू मामाला कोणत्या तोंडाने द्यायची?

पाचपरतावण उरकल्यावर तो नव्या बायकोला, करिष्माला घेऊन आला. घड्याळ टिकटिकत होतं.

"मामा, बंद पडला होता. जव्हारला नवीन मशीन बसवून घेतली. आता चावीची कटकट नाय, सेल टाकलाय!"

करिष्मा पाया पडायला वाकली. ज्याच्या दोन मुस्काटात द्याव्यात तो समोर हसत उभा, आणि त्याच्याच बायकोला आशीर्वाद द्यायचा! "बरा केलास," फागू म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी मिळेल त्या जीपला लटकून त्याने जव्हार गाठलं. घड्याळवाला देवजी भला माणूस. "जुनी मशीन होय? मी काय टाकीत नाय," म्हणत त्याने फळीवरचा डबा काढून पुढे ठेवला. डबा जुन्या मशिनींनी गच्च भरला होता. "कुठली कोणाची, ते ध्यानात राहत नाय. घ्या शोधून तुमची."

फागूने एकेक मशीन उचलून उलटीपालटी केली. कोरियाची अक्षरं एकीवरही नव्हती. घड्याळात बसतील अशा मापाच्या मात्र ढीगभर निघाल्या. काहींना गंज, काहींचे दाते तुटलेले. भाच्यावर चिडावं, रीतीवर चिडावं, की या भल्या माणसावर, तेच त्याला कळेना.

"दिसायला कशी होती ती सांगा," देवजी म्हणाला, "मी काढून देतो."

आत धूळ जाईल या भीतीने फागूने ते घड्याळ एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.