दहिसरच्या सुलभाबाई

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि आईला तर नाहीच नाही. तुला का सांगतेय? माहीत नाही. फक्त मध्ये थांबवू नकोस. थांबवलंस तर मी विषय बदलेन, आणि त्यात मी पटाईत आहे.

आधी धंद्याचं सांगते. बघ, इथेही मला आधी धंदाच आठवतो.

मी घाटकोपरला घरीच बाळांसाठी सुती गोधड्या शिवते. शिवण्याचं काही नाही, हात बसलाय. पण नुसतं शिवून भागत नाही ना आता! पेज पाहिजे. रोज रील पाहिजे. मी एक ऑनलाइन क्लास लावला, तर तिथला शिकवणारा म्हणाला, कॅमेऱ्यासमोर या, हसा, लोकांना प्रश्न विचारा. विचारले. ‘तुमच्या बाळाचा आवडता रंग कोणता?’ एकीनेही उत्तर दिलं नाही. सासरचे, माहेरचे, सोसायटीचे — सगळे बघत होते, मला दिसत होतं कोण कोण बघतंय ते. लग्नात भेटले की म्हणायचे, ‘तुझे व्हिडिओ बघतो हां आम्ही, झकास!’ बघता ना? मग ते एक बदाम दाबायला बोट मोडतं का तुमचं? आणि अनोळखी लोक आले की त्यांचा एकच शब्द — ‘प्राइस?’ अरे, फोटोवर एवढ्या मोठ्या अक्षरांत किंमत लिहिलीये! तरी ‘प्राइस?’ सांगितली की गायब.

वैताग आला होता. खरंच सांगते, रडायला यायचं नाही, डोकं फिरायचं.

मग त्या क्लासवाल्याने सांगितलं की रिकाम्या हॉटेलात कोणी शिरत नाही, पहिलं टेबल तुम्हीच भरा. सगळेच करतात म्हणाला. खोटं खातं उघडून मी सुलभाबाईंना जन्माला घातलं ते तेव्हा. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. वय साठीच्या पुढे, यजमान नाहीत, मूळच्या कोकणातल्या, राहणार दहिसर. दहिसर का? लांब वाटलं म्हणून. सुलभाबाई माझ्या पोस्टखाली विचारायच्या, ‘रंग जातो का हो?’ मी उत्तर द्यायचे, ‘अजिबात नाही ताई!’ मग त्या लिहायच्या, ‘नातवासाठी घेतली, बाळ काही सोडत नाही.’ हसू नकोस. हळूहळू खऱ्या बायकाही विचारायला लागल्या. उपाय लागू पडला होता.

इथवर ही साधी लबाडी आहे. एवढंच असतं तर मी तुला चहा पिताना हसत हसत सांगितलं असतं.

आई मुलुंडला एकटी राहते. बाबा मिलमध्ये होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. तिलाही त्या पेजवर मीच आणलं — एक फॉलोअर वाढावा म्हणून, दुसरं काही नाही. तिने माझ्या पोस्ट बघितल्या, खालचं सुलभाबाईंचं कौतुक वाचलं, आणि एका दुपारी सुलभाबाईंना मेसेज आला. ‘माझ्या मुलीचां कौतुक करतात, बरां वाटलां.’

तेव्हाच फोन करून सांगायला काय झालं होतं? ‘आई, ती मीच गं!’ दोघी खो-खो हसलो असतो. पण हातात पार्सल होतं, कुरिअरवाला खाली उभा होता. मी घाईत ‘आभारी आहे’ एवढं लिहून टाकलं. संपलं, असं मला वाटलं.

आईला लिहायचा कंटाळा. ती बोलून पाठवते. मागे कुकरची शिट्टी, टीव्हीवरची मालिका, आणि तिचं निवांत बोलणं — कोकणातली बाई मिळाली म्हणून अगदी गावच्या भाषेत. सुलभाबाईंना आवाज काढता येईना, म्हणून मी लिहिलं, घसा बसलाय. तर आईने ज्येष्ठमध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या, सगळं सांगितलं. दर दोन दिवसांनी विचारायची, उतार पडलो काय?

आणि एकदा म्हणाली, ‘माझी मुलगी रोज फोन करता हो. गोळी घेतलंस काय, गॅस बंद केलंस काय, दार लावलंस काय. जसो काय वॉचमनच. माझ्याशी बोलणा कोण नाय.’

मला राग आला. खोटं कशाला बोलू — वाईट नंतर वाटलं, आधी रागच आला. इथे माझी वाट लागलीये, रोज न चुकता फोन करते, आणि मी वॉचमन? संध्याकाळी मुद्दाम फोन करून गोड आवाजात विचारलं, आज काय केलंस जेवायला? आई एकदम घाबरली. ‘काय झालां? जावयाची नोकरी गेली काय?’

मग कसं बोलायचं सांग! मुलगी म्हणून जमेना. सुलभाबाईंना मात्र जमायचं. त्या विचारायच्या आणि आई सांगायची. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा तिला शिवण शिकायचं होतं, बाबांनी हप्त्याने मशीन घेऊन दिलं होतं, मिल बंद झाल्यावर ते विकावं लागलं, आणि त्यावरून ती कितीतरी दिवस बाबांशी बोलली नव्हती. मी शिवणावर धंदा करते आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. गोधडीला टाके घालता घालता मी तिचे मेसेज ऐकायचे, पुन्हा लावून ऐकायचे. मला ते आवडायचं. हे सगळ्यात लाजिरवाणं आहे का? नाही, अजून पुढे आहे.

आई सुलभाबाईंना जेवायला बोलवायला लागली. एकदा टाळलं, दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा तिचा मेसेज आला तेव्हा मी एका बाईशी भांडत होते — तिला बदकांची गोधडी हवी होती आणि मी हत्तींची पाठवली होती. त्या तावात मी आईला लिहिलं, ‘हो हो, येते की रविवारी.’ आपण म्हणतो ना तसं. आपण ‘येते की’ म्हणतो तेव्हा कोण येतं? समोरच्यालाही कळतं. पण आईने ते खरं धरलं. आणि मी, रविवारच्या आधी नाही म्हणून कळवायचं, ते विसरून गेले. रील चाललं होतं त्या आठवड्यात. कमेंटना उत्तरं देत बसले होते.

रविवारी दुपारी आईचा फोन आला. मला, मुलीला. ‘येतंस काय? जेवण जास्त झालांहा.’

घाटकोपर ते मुलुंड. रिक्षाने कितीसा वेळ लागतो? एरवी मला सणाशिवाय जमत नाही. आईने कडक इस्त्रीची साडी नेसली होती. पलंगावर नवी चादर होती, शेजारून खुर्ची मागून आणली होती. वडे केले होते, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. ‘तुझी ती गिऱ्हाईक बाई येवची होती,’ म्हणाली. ‘तिखट कमी घातलंय. घसो बरो नाय तिचो.’

मी जेवायला बसले. गुडघे धरून ती स्वयंपाकघरात ये-जा करत होती, एकेक वडा गरम आणून वाढत होती. मध्येच तिने फोन हातात घेतला आणि माझ्यासमोरच बोलली, ‘सुलभाबाई, बरे आसात मा? नाय जमला तर नाय जमला. बरां आसा म्हणान तेवढां कळवा.’ माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. आई म्हणाली, ‘बघ, ऑर्डर इली असतली.’

तेव्हा सांगायचं होतं ना! तोंडात घास होता, समोर ती होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी काय म्हणाले माहितीये? ‘ऑनलाइन लोक असेच असतात गं, कशाला एवढं मनाला लावून घेतेस.’ वर चिडून म्हणाले — जणू माझाच वेळ फुकट गेला होता.

आई माझ्यावर भडकली. ‘तसां बोलू नको. बाई चांगली आसा. काय तरी अडचण इली असतली तिका.’

परत येताना रिक्षात मी सुलभाबाईंचं खातं बंद केलं. ‘बरी आहे’ असे दोन शब्द लिहून बंद करता आलं असतं. आईने तेवढंच मागितलं होतं. मी तेही लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तिचं उत्तर आलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. पेज तोवर आपलं आपण चालायला लागलं होतं. सुलभाबाईंची गरज उरली नव्हती. हो, हेही डोक्यात होतं.

आई बरेच दिवस काळजीत होती. आजारी असेल म्हणाली. मग म्हणाली, एकटी बाई, कोणाला कळलंच नाही तर? तिने मला पत्ता शोधायला सांगितला, तू गोधडी पाठवली होतीस ना तिला, म्हणून. मी शोधते म्हणाले. मग सापडत नाही म्हणाले. घसा बसलाय, येते की, सापडत नाही — बघ, किती सोपं जातं मला.

परवा तिच्याकडे गेले होते. ती मटार सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, ‘माझां काय चुकलां गो? सारखां जेवक येवा, जेवक येवा म्हटलंय, म्हणान रागावली काय ती?’

मी म्हणाले, ‘तुझं काय चुकणार, आई? तीच तसली होती.’

आईने हातातली शेंग सोलून संपवली. मग ‘असतली तशी,’ म्हणाली. सुलभाबाईंची बाजू तिने या वेळी घेतली नाही.